जुन्या वस्तूंचे मोल : होळकरी तिकिटे, नाणी आणि संग्रहाचे अर्थशास्त्र

वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी आपण एक वाक्य शिकतो : किंमत आणि मूल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. उत्तरपत्रिकेत ते लिहून आपण मोकळे होतो. परंतु ज्या वस्तूचा उत्पादनखर्च आज कोणाला ठाऊक नाही, जिचा उपयोगही उरलेला नाही, आणि तरीही जिच्यासाठी माणसे पैसे मोजतात, अशी वस्तू समोर आली म्हणजे या वाक्याची खरी परीक्षा होते. जुनी टपाल तिकिटे, जुनी नाणी, खेळाडूंची चित्रे छापलेले पत्ते या सर्व वस्तू याच जातीच्या होत.

आपल्या इंदूर शहरात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. येथील अनेक जुन्या मराठी घरांत होळकरशाहीतील एखादा रुपया देवघरात असतो, तर एखादा पत्रांचा गठ्ठा माळ्यावर असतो. अडचणीच्या वेळी तो रुपया सराफ्यात जातो, तराजूत पडतो आणि चांदीच्या भावाने विकला जातो. घर पाडताना तो गठ्ठा रद्दीवाला किलोच्या भावाने नेतो. याच्या अगदी उलट, साध्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतील अशी जाहिरात मोबाइलवर वाचून भले शिकलेले लोकही भुलतात. एकीकडे खरे धन मातीमोल होते, दुसरीकडे माती धनाच्या भावाने खपविली जाते. दोन्ही ठिकाणी नुकसान सामान्य माणसाचेच होते, आणि दोन्हींचे कारण एकच : मूल्य कसे ठरते याचे अज्ञान. ते थोडेसे दूर करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इंदूरचा वारसा

प्रथम आपल्या अंगणात काय आहे ते पाहू. इंग्रजी अमलात काही संस्थानांची टपालव्यवस्था स्वतःची होती. शेजारच्या ग्वाल्हेर संस्थानात १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर संस्थानाचे नाव छापून ती वापरली जात. होळकर संस्थानाने मात्र स्वतंत्र तिकिटे काढली. पहिले तिकीट १८८६ चे. अर्ध्या आण्याच्या या जांभळट तिकिटावर दुसऱ्या तुकोजीरावांचे चित्र असून ते लंडनच्या वॉटरलो कंपनीने छापले होते. तुकोजीरावांचे निधनही त्याच वर्षी झाले. १८८९ मध्ये गुलाबी कागदावर काळ्या शाईने स्थानिक छपाईचे, कडेला छिद्रे नसलेले अर्ध्या आण्याचे तिकीट निघाले. दिसायला ते ओबडधोबड आहे, पण संग्राहकांचे त्यावर विशेष प्रेम आहे. त्यानंतर शिवाजीरावांच्या चित्राची तिकिटे आली. पुढे तिसरे तुकोजीराव आणि दुसरे यशवंतराव यांची तिकिटे लंडनच्या पर्किन्स बेकन कंपनीने छापली. १९०५ मध्ये अर्ध्या आण्याच्या तिकिटावर पाव आण्याचा देवनागरी मजकूर छापून ते वापरात आणले गेले. शेवटच्या काळात, १९४० नंतर, छपाई मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया छापखान्यात होऊ लागली. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि हा अध्याय संपला.

नाण्यांचा इतिहास याहून जुना आहे. अहिल्याबाईंच्या कारकिर्दीत (१७६७ ते १७९५) मल्हारनगर आणि महेश्वर येथील टांकसाळींत रुपये पाडले जात. त्यांच्यावर नाव मोगल बादशहा शाहआलमचे असे, परंतु सोबत शिवलिंग आणि बेलपत्र ही चिन्हे दिसतात. फार्सी मजकुराच्या शेजारी बेलाचे पान, ही त्या काळच्या राजकारणाची एक मोठी बोलकी खूण आहे. १८०५ च्या अखेरीस इंग्रजांशी तह झाल्यानंतर, १८०६ साली यशवंतराव होळकरांनी संस्कृत मजकूर असलेला रुपया काढला. त्यात इंद्रप्रस्थी बसलेल्या सम्राटाचे सार्वभौमत्व मान्य करून यशवंतरावांनी आपले नाव विष्णुभक्त म्हणून कोरविले आहे. पुढे शिवाजीरावांच्या काळी राजाचे मुखचित्र असलेला, यंत्रावर पाडलेला रुपया निघाला. आणि १९३५ मध्ये दुसऱ्या यशवंतरावांच्या चित्राची पाव आणा व अर्धा आणा ही तांब्याची नाणी निघाली.

आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना येथे म्हैसूरची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. म्हैसूरच्या तांब्याच्या नाण्यांवरील हत्ती प्रसिद्धच आहे. म्हैसूरला ‘अंचे’ ही स्वतःची टपालव्यवस्थाही होती. ती १८८९ मध्ये ब्रिटिश टपालखात्यात विलीन झाली. मात्र होळकरांप्रमाणे टपालाची तिकिटे म्हैसूरने काढली नाहीत. म्हणून म्हैसूरच्या टपालाचा संग्राहक तिकिटे शोधत नाही, पत्रांवरचे शिक्के शोधतो. संग्रह कशाचा करायचा हेही इतिहासच ठरवितो, ते असे.

मूल्याचे चार आधार

संग्राह्य वस्तूचे मूल्य चार गोष्टींवर उभे असते : दुर्मिळता, मागणी, अवस्था आणि खरेपणा. टेबलाचा एक पाय मोडला तर टेबल उभे राहत नाही, तसेच येथेही आहे.

(१) दुर्मिळता. वस्तू जुनी असली म्हणजे ती दुर्मिळ असतेच असे नाही. १९३५ च्या पाव आण्याला नव्वद वर्षे झाली, पण ही नाणी भरपूर पाडली गेली आणि भरपूर उरली. उलट यशवंतरावांचा १८०६ चा रुपया अत्यंत क्वचित दृष्टीस पडतो. किती निघाले यापेक्षा किती उरले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

येथे एका सर्वसाधारण गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. शिवलिंग-बेलपत्राचा प्रत्येक रुपया अहिल्याबाईंच्या काळचा समजून विकला जातो. वस्तुतः ही चिन्हे पुढील होळकरांच्या नाण्यांवरही चालू राहिली. म्हणून चिन्हावर न थांबता नाण्यावरचे हिजरी वर्ष वाचावे. सुमारे ११८१ ते १२१० या दरम्यानचे वर्ष असेल तरच ते नाणे देवी अहिल्याबाईंच्या कारकिर्दीतील म्हणता येईल. केवळ चार आकडे वाचता येणे आणि न येणे, यात मोठा फरक पडू शकतो.

(२) मागणी. जगात एकच प्रत असलेली वस्तूही कोणालाच नको असेल तर तिची किंमत शून्य. मागणी आस्थेतून निर्माण होते. होळकर संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ अशी चार वेळा रणजी करंडकाची स्पर्धा जिंकली. कर्नल सी. के. नायडूंची स्वाक्षरी असलेला त्या काळचा एखादा कागद निघाला, तर त्यासाठी इंदूरचा रसिक जेवढा हळवा होईल तेवढा परगावचा होईलच असे नाही. म्हणजे मागणीला भूगोल असतो आणि पिढीही असते. ज्या पिढीने नायडूंचे नाव घरात ऐकले ती पिढी संपली आणि नव्या पिढीला ते कोणी सांगितलेच नाही, तर वस्तू तीच राहूनही तिचे मूल्य घसरेल.

(३) अवस्था. नवशिके येथेच सर्वांत जास्त नुकसान करून घेतात. हाताने पाडलेल्या जुन्या रुपयांत ठसा मोठा आणि चकती लहान असे. त्यामुळे बहुतेक नाण्यांवर मजकुराचा काही भाग कापला गेलेला असतो. ज्या नाण्यावर टांकसाळीचे नाव आणि वर्ष दोन्ही पूर्ण उमटले आहेत, त्याला अधिक भाव येतो. आपल्याकडे सणावाराला देवांबरोबर नाणीही चिंचेने घासून लखलखीत करण्याची पद्धत आहे. भक्तीच्या दृष्टीने ते योग्य असेल; मूल्याच्या दृष्टीने तो घात आहे. शेदोनशे वर्षांत नाण्यावर चढलेली काळसर छटा हेच त्याचे संरक्षण असते, आणि घासल्याच्या बारीक रेघा पुन्हा कधीच जात नाहीत.

तिकिटांचेही तसेच आहे. चित्र मधोमध आहे काय, कडेची छिद्रे शाबूत आहेत काय, कागद कोठे विरला आहे काय, हे पाहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जुन्या पाकिटावरचे तिकीट पाण्यात भिजवून काढू नये. सुटे तिकीट म्हणजे फक्त तिकीट. पण पाकिटासह असलेले तिकीट म्हणजे इतिहासाचा दस्तऐवज. रामपुरा, भानपुरा, महिदपूर, खरगोन, कन्नोद अशा होळकरी गावांचे शिक्के, तारखा आणि पत्ते एकत्र असले म्हणजे पत्र कोणत्या वाटेने आणि किती दिवसांत पोहोचले, हे समजते. तिकीट काढून घेतले की ही माहिती कायमची नष्ट होते.

(४) खरेपणा. बनावट नाण्यांचा धंदा जुना आहे. एक सोपी कसोटी पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातच आहे. शुद्ध चांदीची घनता सुमारे १०.५ असते, आणि मिश्रणाच्या चांदीची थोडी कमी. नाणे हवेत ११.२० ग्रॅम आणि दोऱ्याने पाण्यात बुडवून १०.१२ ग्रॅम भरले, तर फरक १.०८ ग्रॅम, ११.२० ला १.०८ ने भागले असता १०.३७ येते. हे चांदीच्या रुपयाला शोभणारे आहे. उत्तर साडेआठच्या आसपास आले, तर चकाकी कितीही असली तरी ते पितळी जातीचे समजावे. अर्थात चांदीचेही बनावट नाणे करता येते, म्हणून ही कसोटी खोटे पकडते, पण खरे सिद्ध करीत नाही. त्यासाठी जाणकाराची नजर आणि वस्तूचा पूर्वेतिहास, म्हणजे ती कोणाकडून व केव्हा आली याची नोंद, लागते.

अमेरिकेतील पत्त्यांचा धडा

संग्रहाच्या बाजारात काय काय होऊ शकते हे पाहायचे असेल तर अमेरिकेतील बेसबॉलच्या पत्त्यांकडे पाहावे. आपल्याकडे क्रिकेट तसा तिकडे बेसबॉल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंचे चित्र असलेला पुठ्ठ्याचा पत्ता टाकीत. १९०९ ते १९११ या काळातील होनस वॅग्नर या खेळाडूचा असा पत्ता फार थोडा छापला गेला. आज त्याच्या सुमारे साठच प्रती ज्ञात आहेत. २०२२ मध्ये त्यातील एक ७२.५ लाख डॉलरना विकला गेला. त्याच वर्षी मिकी मँटल या खेळाडूचा टॉप्स कंपनीचा १९५२ चा पत्ता १ कोटी २६ लाख डॉलरना गेला. तोच पत्ता विक्रेत्याने १९९१ मध्ये ५० हजार डॉलरना घेतला होता. ३१ वर्षांत २५२ पट! चक्रवाढीने हिशेब केला तर दरसाल सुमारे साडेएकोणीस टक्के.

हा आकडा वाचून कोणीही मोहात पडेल. अमेरिकेतही लोक पडले. जुन्या पत्त्यांना सोन्याचा भाव आला म्हणून १९८० नंतरच्या दशकात घराघरांतून नवे पत्ते खोक्यांनी साठविले गेले, आणि कंपन्यांनीही मागणीबरहुकूम अफाट संख्येने छापले. परिणाम काय झाला? जे सर्वांनी जपून ठेवले ते कधीच दुर्मिळ झाले नाही. त्या काळच्या बहुसंख्य पत्त्यांना आज जवळजवळ काहीच भाव नाही. १९५२ चे पत्ते दुर्मिळ झाले याचे कारण ते त्या वेळी कोणाला मोलाचे वाटले नव्हते. मुलांनी ते खेळून फाडले, आयांनी केरात टाकले. संग्रहाच्या अर्थशास्त्रातील हा विरोधाभास प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावा.

यातून कंपन्यांनी वेगळाच बोध घेतला. त्यांनी दुर्मिळताच कारखान्यात निर्माण करण्यास आरंभ केला. आधुनिक उंची पत्त्यांवर खेळाडूची खरी स्वाक्षरी असते, त्याच्या गणवेशाचा तुकडा बसविलेला असतो, आणि ‘पंचवीसपैकी सातवा’ किंवा ‘एकमेव’ असा क्रमांक छापलेला असतो. माइक ट्राउटचा २००९ चा असा एकमेव पत्ता २०२० मध्ये ३९ लाख ३६ हजार डॉलरना विकला गेला. पॉल स्कीन्स या तरुण गोलंदाजाचा एकमेव पत्ता अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती लागला, आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्याला ११ लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. पत्त्याची अवस्था तपासून दहापैकी गुण देणाऱ्या संस्थाही उभ्या राहिल्या; त्यांपैकी पी.एस.ए. ही १९९१ मध्ये सुरू झाली.

ही नवी दुर्मिळता आणि होळकरी रुपयाची दुर्मिळता यांत मूलभूत फरक आहे. पहिली करारावर उभी आहे : कंपनीने ‘एकमेव’ म्हटले म्हणून ते एकमेव. पुढच्या वर्षी तीच कंपनी त्याच खेळाडूचे आणखी दहा प्रकारचे ‘एकमेव’ पत्ते काढू शकते. शिवाय खेळाडूचे पाऊल घसरले की पत्त्याचा भावही घसरतो. दुसरी दुर्मिळता काळाने घडविलेली आहे. १८०६ चा नवा रुपया आता कोणीही पाडू शकत नाही.

परंतु काळाने घडविलेली दुर्मिळताही नफ्याची हमी देत नाही. ब्रिटिश गियानाचे एक सेंटचे किरमिजी तिकीट हे जगातील एकमेव ज्ञात तिकीट. २०१४ मध्ये ते सुमारे ९४.८ लाख डॉलरना गेले आणि २०२१ मध्ये सुमारे ८३ लाखांना. म्हणजे सात वर्षांत सुमारे बारा टक्के तोटा! ज्याला जोड नाही अशा वस्तूलाही पुढचा ग्राहक लागतोच.

भाव आणि हाती येणारी रक्कम

वर्तमानपत्रात छापून येते ती लिलावाची किंमत. विक्रेत्याच्या हाती पडते ती वेगळीच. समजा, एका नाण्यावर दहा हजारांची बोली होऊन हातोडा पडला. लिलावगृहाने खरेदीदाराकडून २० टक्के आणि विक्रेत्याकडून १० टक्के आकार घेतला असे हिशेबापुरते धरू. खरेदीदाराने मोजले बारा हजार. विक्रेत्याला मिळाले नऊ हजार. आता हाच खरेदीदार उद्या नाणे विकायला निघाला, तर आपले बारा हजार परत मिळण्यासाठी त्याला १३,३३३ रुपयांची बोली यावी लागेल. म्हणजे बोली एक-तृतीयांशाने वाढली तेव्हा कोठे तो मूळपदावर आला. नफा अजून दूरच. यात कर, विमा, टपालखर्च आणि अडकलेल्या भांडवलाचे व्याज धरलेलेच नाही.

सूचीपुस्तकातील किमतींबाबतही असेच भान हवे. सूचीत असतो तो चांगल्या अवस्थेतील वस्तूचा, व्यापारी विकतो तेव्हाचा भाव. व्यापारी विकत घेतो तेव्हा तो त्यापेक्षा बराच खाली असतो. म्हणून अलीकडे झालेल्या चार-पाच लिलावांतील, तशाच वस्तूंचे प्रत्यक्ष आकडे जुळवून पाहणे, हाच मूल्यांकनाचा सर्वांत प्रामाणिक मार्ग होय. वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे की मागितलेली किंमत हा पुरावा नव्हे. दिलेली किंमत हा पुरावा.

फसवणूक आणि कायदा

वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच किंवा दहा रुपयांचे नाणे, ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट यांना लाखो रुपये मिळतील, अशा जाहिराती सर्वत्र फिरतात. वर सांगितलेल्या चार कसोट्या लावल्या तर त्यांचे पितळ तत्काळ उघडे पडते. या वस्तू मोठ्या संख्येने निघाल्या. मग लाखाचा भाव कोठून येणार? या जाहिरातींत आधी ‘नोंदणी शुल्क’, मग ‘कर’, मग ‘दलाली’ असे पैसे उकळले जातात, आणि शेवटी फोन बंद होतो. काही ठग रिझर्व्ह बँकेचे नाव वापरतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर सूचना काढून स्पष्ट केले, की बँक अशा व्यवहारांत पडत नाही आणि त्यासाठी कोणाकडून शुल्क किंवा दलाली घेत नाही. जो विकत घेणार तोच आधी पैसे मागतो, एवढ्यावरूनच सुज्ञाने ओळखावे.

कायद्याच्या दोन गोष्टी विद्यार्थ्यांना ठाऊक असाव्यात. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात. ती खाजगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाहीत, आणि त्यांचा व्यापार करण्यास परवाना लागतो. तसेच १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून अधिक मूल्याचे पुरलेले धन सापडले, तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. पाया खणताना सापडलेला हंडा गुपचूप वाटून घेतला, की गुन्हा तर घडतोच. शिवाय ती नाणी एकत्र का आणि केव्हा पुरली गेली, हे सांगणारा पुरावाही विखुरतो.

समारोप

या साऱ्या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात सांगता येईल. संग्रह हा श्रीमंत होण्याचा मार्ग म्हणून धरला तर तो अत्यंत बेभरवशाचा आहे. लाखांत एक पत्ता कोटींना जातो आणि उरलेल्यांची वार्ता कोणी छापत नाही. परंतु घरात असलेल्या वस्तूचे खरे मूल्य ओळखणे हा सट्टा नव्हे, ते कर्तव्य आहे. सराफ्याच्या मुशीत वितळलेला रुपया चांदीच्या दृष्टीने नष्ट होत नाही, पण इतिहासाच्या दृष्टीने तो कायमचा जातो. त्या घरालाही त्याचा अर्धा-पाव भावच मिळालेला असतो.

म्हणून विद्यार्थी मित्रांना एवढीच विनंती की येत्या सुट्टीत घरातील जुनी नाणी आणि पत्रे घासू नका, भिजवू नका, विकण्याची घाईही करू नका. एक साधी वही घ्या. प्रत्येक वस्तूचे वजन, माप, मजकूर, वर्ष आणि ती घरात कशी आली याविषयी आजी-आजोबांनी सांगितलेली हकीकत तीत लिहून ठेवा. दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा. फार्सी वाचता येत नसेल तर आग्रा-मुंबई रस्त्यावरील मध्यवर्ती संग्रहालयात जाऊन तेथील नाण्यांशी ताडून पाहा. पुढे कधी विकण्याचा प्रसंग आलाच, तर ती वहीच तुमची बाजू मांडील. आणि विकावे लागले नाही तर घराच्या पुढच्या पिढीला ती उपयोगी पडेल. जमाखर्च लिहिण्याचे शिक्षण आपण घेतोच आहोत. त्यातला पहिला ताळेबंद आपल्याच घराच्या वारशाचा असावा.